बाबांची शेवटची फेरी, कोबीखालून

हॅलो?… हो ताई, केइगोच बोलतोय… झालं. 'आता वय झालं' म्हणत बाबांनी गाडीचा परवाना जमा केला. आत्ताच, पोलीस ठाण्याच्या खिडकीवर… नाही गं, रडले नाहीत. चष्मा पुसला फक्त. मग परत पुसला…

हो, हो… अगं ऐक ना. त्यांच्या शेवटच्या फेरीच्या चित्रीकरणाचंच सांगतोय… आहे. म्हणजे काहीतरी आहे… तू आधी बस. ओसाकात बसायला जागा मिळते ना?…

सकाळी किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. मी माझ्या मोटरसायकलवर पुढे, बाबा मागे, त्यांच्या त्या खोकणाऱ्या गाडीवर… आता स्वतःच स्वतःला टिपायचं म्हणजे काय असतं, सांगतो. वळणावर तिपाई लावायची, कॅमेरा चालू करायचा, दोन किलोमीटर उलटं जायचं, वळायचं, मग कॅमेऱ्यासमोरून ऐटीत जायचं, जणू कुणी बघतच नाहीये. मग परत यायचं, कॅमेरा उचलायला. बाबा म्हणाले, 'रस्ता फिरायचाय की नांगरायचाय?'

पहिल्यांदा ट्रक आडवा आला. दुसऱ्यांदा बाबा तिपाईपाशी थांबले आणि वाकून कॅमेऱ्यालाच विचारलं, 'नीट आलो का?'… हस तू. पुढच्या दोन्ही वेळी सगळं नीट, पण हात करायचे. अगं, समोरून मोटरसायकलवाला आला की हात करायचा, पन्नास वर्षांची सवय. तिपाईलाही केला. वर हसायचं… रागावलो ना मी. म्हटलं, बाबा, कॅमेरा दिसतच नाहीये असं दाखवा. तर म्हणाले, 'पण दिसतोय की.'…

ते तुकडे?… पुसले… चारही. कार्डावर जागा नव्हती… बाकी सगळे माझेच व्हिडिओ होते गं, गेल्या वर्षीचे. 'नमस्कार मित्रांनो' वगैरे… बोल. बोल तू, मी ऐकतोय…

हं… हं… झालं?

पाचव्यांदा बाबा म्हणाले, आता शेवटचं, खिडकी चारला बंद होते. निघालो. मी मान ताठ, नजर समोर. कॅमेरा दिसत नसल्याचं इतकं चोख दाखवलं की तो तिथे नाहीच, हे मला कळलंच नाही…

चोर कसला? पोलीस म्हणाले, एक आजीबाई. भाजीची ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. रस्त्याकडेला कॅमेरा एकटाच उभा, म्हणजे बिचारा कुणीतरी विसरून गेला. उचलला, कोबीखाली ठेवला आणि थेट ठाण्यात जमा. नावही नाही सांगितलं. तिपाईचे पाय मात्र पुसून दिलेत…

मग काय, एका खिडकीवर बाबा परवाना देतायत, शेजारच्या खिडकीवर मी कॅमेरा सोडवतोय. परवान्याच्या बदल्यात त्यांना आता दुसरं कार्ड मिळणार. फोटो तोच, पण त्यावर काहीच चालवता येत नाही. टॅक्सीत सूट आहे… मला फॉर्म दिला, वस्तू कुठे हरवली ते लिहा. म्हटलं हरवली नाही, लावली होती. तर म्हणे तसा रकाना नाही…

बघितलं ना. अंधार आहे. चाळीस मिनिटं. मध्येच एक पान हलतं…

पण आवाज आहे, ताई. आधी माझी गाडी जाते. मग बाबांची, खोकत. मग आजीबाई म्हणतात… थांब जरा… म्हणतात, 'अगंबाई, मागचा म्हातारा मला हात करतोय. दोन्ही हातांनी.' मग त्या हसतात. मग म्हणतात, 'कुणाचा आहे कोण जाणे, छान हसतो.'…

हॅलो?… आहे ना, इथेच आहे…

कसे दिसत होते?… ताई, मी पुढे होतो ना… होता, आरसा होता. त्यात मी माझं हेल्मेट सरळ आहे का ते बघत होतो…

पुन्हा कसं? परवाना गेला. त्यांची गाडी आवारात लावलीय, उद्या टेम्पो नेईल. माझ्या मागे बसून येतील ते… बसलेतच. हेल्मेट घालून, उभ्या गाडीवर, पुढची जागा माझ्यासाठी सोडून… आत्ता रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. केला हात त्यांनी…

हो, त्यानेही केला…

नाही, फोटो नको… आता मला करतायत, ताई… ठेवतो. हात मोकळा हवा.