रंगाचा बेत

गिअरच्या सायकलींचं कौतुक मला नका सांगू. सत्तर-एकाहत्तर साली भिंगारच्या आम्ही चौघा दोस्तांनी साध्या सायकलींवर, डांबरी रस्ता सोडून, मेंढरांच्या वाटेनं डोंगर ओलांडून पाथर्डीला जायचं ठरवलं. बेत सगळा आमच्यातल्या रंगाचा. पाणी किती, पंक्चरचं सामान कुणाकडं, पुढं कोण, मागं कोण, महिनाभर त्यानं डोकं खाल्लं. "डोंगरापत्तूर सायकली एसटीच्या टपावर टाकायच्या. आधीच दमायचं न्हाई," हाही त्याचाच हुकूम.

पायथ्याला उतरलो. आम्ही तिघांनी टांग मारली. हा सायकल धरून उभाच.

"बस की!"

"मला कुठं येती सायकल?"

मी भडकलोच. "मग महिनाभर हुकूम कशाचे सोडत होतास?"

"डोंगर चढायचे. तुमी बसनार किती अन् ढकलनार किती, बघूच. ढकलायला मला येतं."

झालंही तसंच. त्या दगडगोट्यांत आम्ही दहा पावलं बसायचो आणि शंभर पावलं ढकलायचो. धापा टाकत माथ्यावर पोचलो, तर रंगा सायकल बाभळीला टेकवून कधीचा बसलेला.

म्हणाला, "आता उतार हाय. चला, शिकवा."