ठेवून घेतलेला माणूस

द्या, तो डबा माझ्या हातात द्या, संकोच कसला — हं, आला. हलकाच आहे की! सगळी गिरणी ज्यांच्या खोकल्यानं दचकायची, ते शेवटी बिस्किटांच्या डब्याएवढेच उरले. रागावू नका, रोलंडसाहेब, बसा. त्या खोक्यावर नको, त्यात चुना आहे, काळा सूट पांढरा होईल. तर तुमच्या वडिलांच्या अस्थी मधल्या वर्तुळात हव्यात. रविवारी मातोश्री येणार, पाद्रीबुवा येणार — आणि मी, मैदानाचा माळी, गवत उचलून अस्थी पसरणार. ठीक. या गावची जुनीच रीत आहे. जन्मभर फुटबॉल क्लबासाठी घसा फोडणारा मेल्यावर मैदानात उतरतो. नियम मात्र तुमच्या वडिलांनी घातला, ठाऊक आहे ना? खाटकाच्या विधवेनं नवऱ्याला आधी गोलपाशी ठेवायला लावलं, मग म्हणाली, तिथे त्याला फार शिव्या ऐकाव्या लागतात, दुसरीकडे हलवा! तेव्हा अध्यक्षमहाशयांनी ठराव केला — डबा एकदा माळ्याच्या हाती दिला, की घरच्यांचा हक्क संपला. कुठे आणि केव्हा, ते माळी ठरवील.

मी कोण, ते विसरलात का? विल्फ टॅटर्सॉल, इथला डावा विंगर. तुम्ही तेव्हा दूर कुठल्याशा थोर शाळेत होता. एक्कावन्न साली लंडनच्या पहिल्या श्रेणीतल्या क्लबानं मला मागितलं. करार संपला होता, तरी जाता येईना — अध्यक्षांनी सोडल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून खेळायचं नाही, नियमच तसा. माझ्या बायकोनं, एडनानं तर बातमी ऐकताच कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत भरल्या. मी टोपी हातात धरून तुमच्या दिवाणखान्यात उभा — उभा, बरं का, बसा म्हणायची पद्धत नव्हती — आणि साहेब म्हणाले, ‘बघू, विल्फ.’ पुन्हा गेलो, पुन्हा ‘बघू’. मग एक दिवस म्हणाले, ‘तुला ठेवून घेतलंय.’ खेळवलं का? छे! जायची भाषा करणाऱ्याला धडा नको का शिकवायला? सोडलं नाही, खेळवलंही नाही — हंगामभर मी आपल्याच संघाचे सामने कठड्याबाहेर उभा राहून पाहिले. लंडनवाल्यांनी दुसरा विंगर घेतला. पुढे चषकाच्या सामन्याला माणूस कमी पडला, तेव्हा विल्फ आठवला. गुडघा सुजलेला, ट्रेनरनं गार पाण्याचा स्पंज दाबला, वर सुई टोचली, ‘पळ!’ पळालो. कोळशाच्या वखारीकडच्या त्या कोपऱ्यात गुडघा वाळक्या काटकीसारखा वाजला. मग साहेबांनी गवत कापायचं यंत्र माझ्या हाती दिलं आणि गावभर सांगितलं, मी माझ्या माणसाला टाकत नाही!

इस्पितळात गेलो होतो मी त्यांच्याकडे. तुम्हाला नव्हतं ठाऊक? कुणालाच नाही. माझा हात धरून म्हणाले, ‘विल्फ, मला मधोमध ठेव. तुझ्या हातचं गवत छान येतं.’ डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? मी काय म्हणालो — ते जाऊ द्या. बरं, सांगतो. ‘बघू’ म्हणालो. ओळखला त्यांनी तो शब्द, चेहराच उतरला. आणि मी — हे सांगायचं नव्हतं मला — घरापर्यंत शीळ घालत आलो.

घाबरू नका, वखारीच्या कोपऱ्यात पुरत नाही त्यांना. छे, तिथे निदान मैदानात तरी असतील! हे कपाट पाहा. चुन्याच्या बादलीशेजारची फळी रिकामी केली आहे, बातमी आली त्याच दिवशी. शनिवारचा सगळा आरडाओरडा इथे ऐकू येतो. हे कुलूप. ही किल्ली.

हात मागे घ्या. नोकरीवरून काढाल? काढा. समितीपुढे जा, वडिलांचा ठराव मोडा, आणि का मोडला ते भर सभेत गावाला सांगा. मातोश्री? थकल्या आहेत, कळतं मला. एडनाही थकली होती. ती गेली तेव्हा कपबशा त्याच कागदांत होत्या; अजून आहेत.

निघा आता. शनिवारचा सामना आहे, मला रेषा आखायच्या आहेत. आणि मातोश्रींनी विचारलं, मधल्या वर्तुळात केव्हा, तर माझं नाव घेऊन सांगा —

बघू.