सिल्व्हर पॉम्फ्रेट्सना म्हाळाचं जेवण

(नाहूर, १९७१. गिरणीकामगार दत्ताराम आणि त्याची बायको रुक्मिणी यांची खोली. भिंतीवर त्यांच्या वारलेल्या मुलाचा, दशरथचा, हार घातलेला फोटो; शेजारी 'सिल्व्हर पॉम्फ्रेट्स' या इंग्लिश गाणी वाजवणाऱ्या बीट ग्रुपचा. दारात त्या ग्रुपचा गाणारा पोरगा, हरेश्वर.)

दत्ताराम: अरे, आत ये ना! दारात काय उभा? रुक्मिणी, बघ कोण आलंय, आपला स्टार!

हरेश्वर: नको काका, इथेच बरा आहे. आत आलो की तो बोलायला लागेल.

दत्ताराम: तो कोण?

हरेश्वर: तेच विचारायला आलोय. तुमच्याकडे जेवून गेलो, तेव्हापासून माझा आवाज माझा नाही राहिला, यार. सॉरी, काका.

दत्ताराम: घसा बसला असेल. मिठाच्या गुळण्या कर. मुलुंडच्या प्रोग्रामला आमची अख्खी भजनी मंडळी येणार आहे. आधी तुम्हाला शिव्या घालायचे, आता टाळ सोडून गॉगल लावून पहिल्या रांगेत बसतात!

हरेश्वर: घसा नाही हो. प्रॅक्टिसला इंग्लिश गाणं म्हणायला तोंड उघडलं, तर मालवणीत गाऱ्हाणं निघालं. मी वर्सोव्याचा कोळी, मला कुठली मालवणी येते? आमचा गिटारवाला बाळ पळूनच गेला. घरी आयशी बोललो, तर तिने दाराला कडी घातली. म्हणते, माझ्या पोराच्या तोंडातून कोण बोलतंय?

रुक्मिणी: आवाज कसो होतो?

हरेश्वर: जाडा. बोलता बोलता मध्येच खोकणारा.

रुक्मिणी: दशरथ.

दत्ताराम: काहीतरीच काय बोलतेस!

रुक्मिणी: तुमका सांगत होतंय, पितृपक्षात म्हाळाक नात्यातली माणसां बोलवा. तर नाय! तुमका पॉम्फ्रेट होये.

दत्ताराम: अगं, दशरथच्या नावाचं पान त्याच्याच वयाच्या पोराने जेवावं, असं वाटलं मला. आणि तुला काय कमी वेड? तो गेल्यावर तू पहिल्यांदा हसलीस, ती यांचा ड्रम ऐकून. चौघांच्या शर्टांना झालरी तूच लावल्यास.

रुक्मिणी: लावलंय. त्याचा माका काय नाय. पण म्हाळाच्या पानावरसून उठलेल्याक पोट भरला काय म्हणून इचारूचा, नि जा म्हणूचा. परत ये म्हणूचा नाय. ह्यो जेवलो, हात धुवून गाणा म्हणूक लागलो, नि तुमी काय बोंबाललास?

दत्ताराम: वन्स मोर.

रुक्मिणी: उभे ऱ्हवून. टाळ्यो वाजवन.

दत्ताराम: गाणं आवडलं म्हणून ओरडलो गं! मला काय माहीत, कोण फिरून येईल ते.

हरेश्वर: काका, काहीतरी करा. मला माझा आवाज हवाय. मला घरी जायचंय, आय दार उघडत नाय... (खोकून, जाड्या आवाजात) आये, बाबांका बोलू नको गो. मी हयच आसंय.

दत्ताराम: दशरथ! अगं, आपला दशरथ! ये रे बाबा, बस. भजनात म्हणायचास तो गजर म्हण एकदा.

रुक्मिणी: गप ऱ्हवा! ह्या पोराची आवस थय कडी लावन बसली हा.

दत्ताराम: एकदाच ऐकू दे. एकदाच, रुक्मिणी.

रुक्मिणी: माका ऐकूचा वाटणा नाय? पोटात वागवलंय मी त्याका. पण गाणा ऐकलंय तर मी त्याका सोडूचंय नाय. मगे ह्यो खय जायत? दशरथा...

हरेश्वर: काय गो आये?

रुक्मिणी: पोट भरला मा तुजा?

हरेश्वर: भरला. पण भायर थंडी आसा गो. मी ऱ्हवतंय.

रुक्मिणी: नको ऱ्हवू, बाबा. जा.

हरेश्वर: खराच जाव?

रुक्मिणी: जा. मीच सांगतंय मा. जा.

दत्ताराम: अगं...

हरेश्वर: मावशी, रडताय का तुम्ही? अरे! काका, ऐकलंत? हा माझा आवाज! माझाच!

दत्ताराम: हो रे पोरा. झकास. आधी घरी जा, आयला हाक मार.

हरेश्वर: पळतोच! मुलुंडला या नक्की!

दत्ताराम: गेला. रुक्मिणी, आपला दशरथ आत्ता बोलला ना गं, तो आवाज कसा होता? आठवायला जातो, तर या पोराचाच येतो कानात.

रुक्मिणी: माज्याव कानात तोच येता.