बारा वाजून चार मिनिटं

मंगळवार, सकाळी साडेअकरा. गोंदियाजवळचं कुडवा, आयकराचे रिटर्न भरून देणाऱ्या हेमेंद्रचं ऑफिस. टेबलासमोर दुर्गा. घटस्फोट होऊन अडीच वर्षं झालेली. हातात मुलीच्या शिष्यवृत्तीचा परत आलेला अर्ज.

तसं नाही वहिनी — नाही, ताई म्हणायला पाहिजे आता, जिभेला सवय पडली, भोजराजची बायको म्हणूनच सोळा वर्षं ओळखतो तुम्हाला — तर तसं नाही. घटस्फोट झाला म्हणून पॅनवरचं आपोआप पुसलं जात नाही. पॅन तुमचंच आहे, फक्त त्याच्यावर ट्रक त्याचा चालून राहिला होता. काऊन म्हणजे? सगळेच करतात. सडक अर्जुनीच्या हायवेवर उभे राहा आणि विचारा, कोणता ट्रक कोणाच्या नावावर — निम्मे बायकांच्या. बायकोचं पॅन रिकामं पडलेलं असते, थोडी कमाई तिकडे दाखवली की नवऱ्याचा कर कमी, इतका सीधा हिसाब. तुम्ही यायच्या, सही करायच्या, चहा प्यायच्या. विचारलं कधी, भाऊ हे काय आहे म्हणून? — बरं, विचारलं होतं एकदा. मी म्हटलं होतं, घरातलंच आहे. आठवते मला.

आता स्नेहलचा अर्ज. नर्सिंगचं दुसरं वर्ष ना? हुशार पोरगी. शिष्यवृत्तीवाले उत्पन्न पाहतात, तुमचं रिटर्न पाहतात, त्यात ट्रकची कमाई — मग तुमच्यासारख्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं काय मानतील ते? तुमची चूक नाही. पण ते रिटर्न घटस्फोटानंतरच्या वर्षाचं आहे, हे मीही आज पाहून राहिलो. आमच्याकडे मागच्या वर्षीचं पुढे उचलतात, जुलैत रांग असते, कोण पाहते — थांबा, तुमची फाइल काढतो.

ही बघा. हे काय आहे — घटस्फोटाच्या निकालाची प्रत. तुम्हीच आणून दिली होती, नाही? वर तुमचंच अक्षर, ‘ट्रकशी माझा संबंध नाही’. हो, घेतली होती मी. कोर्टानं दिलेल्या एकरकमी पोटगीवर कर लागेल का, तेही विचारलं होतं तुम्ही, नाही लागत म्हटलं होतं मी, फीससुद्धा घेतली नव्हती. प्रत फाइलीत लावली. लावली, म्हणजे राहून गेली.

दुरुस्त करता आलं असतं, डिसेंबरपर्यंत मुदत होती. आयकर विभागाचा मेसेजही आला होता त्या रिटर्नबद्दल. कोणाच्या फोनवर? माझ्या. गोंदियात सगळे तसंच करतात ताई, गिऱ्हाइकाचा नंबर बदलत राहते, रिटर्न पडताळायचा ओटीपी वेळेवर मिळत नाही, म्हणून पोर्टलवर नंबर आमचाच टाकतो. तो मेसेज मी भोजराजला सांगितला. तुम्हाला काऊन नाही? — तुमचा नंबर होता माझ्याकडे. होता.

रिटर्न भरल्याची तारीख काय विचारता, तारखेनं काय होते. अठ्ठावीस जुलै, रविवार, दुपारी बारा वाजून चार मिनिटं. स्वतः पडताळलं, असं आहे खाली. तुम्ही कुठं होत्या तेव्हा? बोदलकशाला — हो, तुमची आई गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन. मीही होतो ना. मांडवात, दुसऱ्या ओळीत, पांढऱ्या शर्टात. भंतेजी बोलत होते, सगळे हात जोडून बसले होते, आणि माझा फोन वाजला म्हणून मी उठून आंब्याखाली गेलो, ऑफिसच्या पोरीनं म्हटलं, भाऊ, सहा आकडे सांगा लवकर, साइट बंद पडून राहिली — तर मी सांगितले. कोणाचे होते, ते विचारलं नाही. परत आलो तर तुम्ही पत्रावळ हातात देऊन म्हणाल्या, जेवून जा भाऊ.

मी जेवलो.

अर्जाला उत्तर लिहून देतो मी. चुकीनं झालं, असं लिहू. कोणाच्या चुकीनं, ते नंतर पाहू. आता उठा ताई, बाहेर गिऱ्हाइक बसलेत. ती प्रत राहू द्या. नको, घेऊन जा.

रिटर्नखाली आजही एकच ओळ आहे: करदात्यानं स्वतः पडताळलं. करदाती त्या वेळी आईच्या फोटोसमोर हात जोडून बसली होती.