आबांच्या आरएक्सचा पोळा

नाही, पण मी म्हणतो, मोटारसायकलला तूप कोण पाजतं? बाळंतिणीला पाजा, जावयाला पाजा... अहो, यामाहा आरएक्स हंड्रेडला? आबांची गाडी, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा गेले, पाठोपाठ बैलजोडी विकली, गोठ्यात उरली ही गाडी आणि घरात मी आणि माझी आई झुंबरबाई, जिला अख्खा शिंदखेडा अक्का म्हणतो.

तुम्हाला सांगतो, काय मशीन काढलं होतं जपान्यानं! टू-स्ट्रोक! पिस्टन एकदा वर, एकदा खाली, विषय संपला. वर व्हॉल्व्ह नाहीत, कसली भानगड नाही. गाडी गिअरमध्ये असू दे, क्लच दाबा, किक मारा, निघा! आणि पिस्टनला वेगळं तेल नकोच, पेट्रोलमध्येच ओतायचं, ते जाता जाता वंगण करतं. सगळ्याचा विचार केला हो जपान्यानं... आमच्या अक्काचा नाही केला.

कारण आबा टाकीत तेल ओतायचे आणि अक्का ओट्यावरून बघायची.

मंगळवारी गाडी धुळ्याला आरटीओत न्यायची होती, फेरपासिंगला. चालवून दाखवली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. आबांची ही एकच वस्तू अजून आवाज करायची, हसू नका, मला भरून येतं. आणि सोमवारी आला पोळा. आदल्या संध्याकाळी अक्कानं खांदेमळणी केली, बैलाच्या खांद्याला चोळतात तशी हँडलला हळद आणि तूप. शिंगं नाहीत म्हणून आरशांना गेरू. मी म्हटलं, असू दे, बिचारीचा जीव रमतो. पण पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास भरवतात ना... आणि गाडीचं तोंड कुठं असतं, हे तर तिनं आबा तेल ओतताना बघितलेलंच!

मंगळवारी सोनगीरच्या अलीकडे गाडी ठसकली, मग कर्र... आणि मागचं चाक जाम. टेम्पोत घालून धुळ्याला वना मिस्त्रीकडे नेली. त्यानं टाकी उघडली, वास घेतला आणि म्हणाला, "भाऊ, टाकीमा वेलदोडा कसा काय?"

तुपात कालवलेलं पुरण नळीत अडकलं, पेट्रोल थांबलं. पेट्रोल थांबलं म्हणजे तेलही थांबलं, ते त्यातच ना! पिस्टन कोरडा पडला आणि सिलिंडरला चिकटला. बरं, बोअर करावं तर ते आधीच शेवटच्या मापापर्यंत करून झालेलं, आता आतून घासायला लोखंडच शिल्लक नाही. म्हणजे गेली. सगळ्याचा विचार केला हो जपान्यानं...

घरी येऊन अक्काला विचारलं, तर माझ्यावरच चिडली. "तेल चालस, मंग तूप का बरं चालत नही? साजूक शे, डालडा नही! गावना बठ्ठा बैलसले पोळी, अन् ह्याले एकट्याले उपाशी ठेवू?" म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

शेवटी नवी घेतली. जपानीच, पण फोर-स्ट्रोक. पेट्रोल वेगळं, इंजिनाचं तेल वेगळं, टाकीला कुलूप. म्हटलं, या वेळी जपान्यानं अक्काचाही विचार केलेला दिसतो. शोरूमवाला दाखवत होता, साहेब, पेट्रोल इथून, तेल इथून. अक्का शेजारीच उभी. वाकून दोन्ही झाकणं नीट बघितली, महिन्याभरानं पहिल्यांदा हसली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या बैलले ते दोन तोंडं!"

टाकीची किल्ली मी तिच्याकडेच दिली. म्हटलं, पुढच्या पोळ्याला हाही बैल उपाशी नको!