यंत्रांच्या रकान्यात सुभद्राबाई

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी एका बाईची नोंद यंत्र म्हणून केली होती. तेव्हा मी सौंसरच्या कृषी कार्यालयात बाबू होतो. शेतीची कोणती माहिती कुठं मिळते, याचं जिल्ह्याचं रजिस्टर आम्ही बनवून राहिलो होतो. मजुरीला जाणाऱ्या सुभद्राबाई संत्र्याच्या खोडाला कान लावून आतली अळी सांगायच्या. पण रजिस्टरात माणसांचा रकानाच नव्हता.

महिन्यानं वरून पत्र आलं, 'यंत्र तपासणीस पाठवा.' नोकरी जाते म्हणून मी घाबरलो. बाईंना सगळं सांगितलं.

"जातो मी," त्या म्हणाल्या. "पन खोलून त नाही पाहनार ना, बाबूजी?"

त्या गेल्या आणि दहा झाडांतली किडलेली तिन्ही ओळखून आल्या. मागून शेरा आला, 'यंत्र अचूक आहे. आवाज फार करते.'