पहिल्या नंबरवरचा यम

शहाऐंशी साली धंतोलीत हाडांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. समोरच्या बाकावर कॉलेजातला एक पोरगा अन् एक पोरगी शेजारी बसलेली, एकमेकांना अनोळखी. दोघांचाही उजवा अंगठा सुजलेला.

"पोळ्या लाटून सुजला काय?" पोरानं विचारलं.

"नाही. तुमचा?"

"व्हिडिओ गेम. बर्डीच्या बाजारात एका दुकानात मशीन आली नं. पोरींचं काम नाही ते."

"काहून?"

"विमानं पाडा लागते. पोरी घाबरतात."

"मग तुमचा पहिला नंबर असन."

"दुसरा. पहिला यमाचा."

"कोणाचा?"

"यम. मशीन नावाची तीनच अक्षरं घेते. वाय, ए, एम. महिना झाला, हटूनच नाही राहिला."

"पाह्यलं काय त्याले?"

"नाही. आमी कॉलेजात असतो तवा येते म्हणतात. सहा फूट असन. मोठ्या मिशा."

"रेड्यावर येते काय?"

"मजाक नका करू. पोट्टे पहिले त्याच्या नावानं नमस्कार करतात, मंग बटनाले हात लावतात."

"तुमीपण?"

"मी तं नारळ फोडला मशीनसमोर. मालकानं फरशी पुसून घेतली माह्याकडून."

तेवढ्यात कंपाउंडरनं दारातून हाक मारली, "यामिनी मेश्राम."

पोरगी उठली.

"थांबा जरा. नाव इंग्रजीत कसं लिहिता तुमी?"

"पूर्ण सांगू, का मशीनवर लिहिते तसं?"

ती आत गेली. कंपाउंडरनं वहीत पाहिलं.

"दुसरा नंबर कोणाचा आहे?"

"माहाच."